चिठ्ठीविना मिळणारं कानाचं मशीन: घेताना आणि वापरताना

मित्राने फोनवर सांगितलं, "सातला या." मला ऐकू आलं, "आठला या." आम्ही पोचलो तेव्हा गाण्यांचा अर्धा कार्यक्रम उरकला होता आणि अख्खी बैठक मान वळवून दाराकडे बघत होती. परतताना गाडीत बायको म्हणाली, "अरे, वर्षभर सांगतेय, कान तपासून घे." ती वर्षभर सांगत होती, हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

त्यानंतर मी दोनदा मशीन घेतलं. पहिल्यांदा पैसे बुडाले, दुसऱ्यांदा जमलं. दोन्ही वेळच्या चुका आणि शिकलेल्या गोष्टी इथे क्रमाने मांडतोय. अमेरिकेत राहणाऱ्या आणि "आपल्याला जरा कमी ऐकू येतंय का?" अशी शंका असलेल्या प्रौढ माणसासाठी हा लेख आहे. लहान मुलांसाठी नाही, कारण ही मशीन अठरा वर्षांखालच्यांसाठी नाहीतच.

आधी ओटीसी, म्हणजे 'ओव्हर द काउंटर', चिठ्ठीविना मिळणारं यंत्र, म्हणजे काय ते थोडक्यात. पूर्वी इथे श्रवणयंत्र हवं तर ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ) किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जावं लागायचं. संसदेने २०१७ साली कायदा करून हे दार उघडलं, पण नियम ठरवायला एफडीएला (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला) ऑगस्ट २०२२ उजाडला. १७ ऑक्टोबर २०२२ पासून हे नियम लागू झाले. तेव्हापासून ज्याला स्वतःलाच सौम्य ते मध्यम स्वरूपाचं कमी ऐकू येतंय असं वाटतं, असा कुणीही प्रौढ माणूस तपासणी किंवा चिठ्ठीशिवाय, दुकानातून वा ऑनलाइन, श्रवणयंत्र विकत घेऊ शकतो. औषधाच्या दुकानातली फळी आणि आपण, मध्ये कुणी नाही. सोय याच्यामुळेच झाली आणि गोंधळही याच्यामुळेच.

१. आपली तक्रार नेमकी कसली आहे ते ओळखा

"आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." बहुतेकांची सुरुवात या वाक्याने होते, माझीही झाली. वयाबरोबर कान उतरतो तो सहसा वरच्या पट्टीपासून. 'आ', 'ओ' असे स्वर खालच्या पट्टीतले, ते नीट ऐकू येतात. 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि मुळातच दबकी, ती आधी गळतात. 'सात'मधला 'स' गेला की मागे 'आत' उरतो, आणि मेंदू आपल्या हुशारीने त्याचा 'आठ' करून देतो. म्हणून समोरच्याने ओरडून बोलल्यावर आपल्याला मोठ्याने ऐकू येतं, स्पष्ट ऐकू येत नाही.

हे एवढं लांबण लावलं, कारण पुढची निम्मी फसवणूक इथेच होते. सगळाच आवाज सरसकट मोठा करणारं यंत्र तुमच्या कामाचं नाही. जी पट्टी उतरलीय तीच उचलणारं यंत्र हवं.

सौम्य ते मध्यम म्हणजे ढोबळमानाने असं: शांत खोलीत समोरासमोर बोलणं जमतं, पण चारजण एकदम बोलायला लागले की धागा सुटतो. फोनवर, किंवा समोरच्याचा चेहरा दिसत नसेल तेव्हा, पंचाईत होते. टीव्हीचा आवाज घरातल्या इतरांना जास्त वाटतो. लोकांना "काय म्हणालात?" असं वारंवार विचारावं लागतं. आकड्यांत सांगायचं तर, आपल्याला जेमतेम ऐकू येणारा आवाज सौम्यमध्ये साधारण २६ ते ४० डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) असतो आणि मध्यममध्ये ४१ ते ५५ चा. शांत खोलीतलं बोलणंही कळत नसेल, किंवा ट्रकचा, ड्रिल मशीनचा आवाजसुद्धा नीट येत नसेल, तर तुमची गरज ओटीसीच्या पलीकडची आहे. ही यंत्रं जास्तीत जास्त किती आवाज देऊ शकतात यालाच कायद्याने मर्यादा आहे: १११ डेसिबल, आणि मोठा आवाज आपोआप आवळून धरणारी सोय चालू असेल तर ११७. ही मर्यादा उरलेलं ऐकणं शाबूत राहावं म्हणून आहे, आणि तिच्यामुळेच जास्त बहिरेपणाला ही यंत्रं पुरत नाहीत.

२. आधी डॉक्टर, मग दुकान: ही लक्षणं असतील तर थांबा

ही यादी मी मनाने केलेली नाही. प्रत्येक ओटीसी यंत्राबरोबर यातले इशारे छापावेच लागतात.

- गेल्या सहा महिन्यांत कानातून पाणी, पू किंवा रक्त आलं असेल
- कान दुखत असेल किंवा आत अस्वस्थ वाटत असेल
- कानात खूप मळ साचण्याची सवय असेल, किंवा आत काहीतरी अडकल्यासारखं वाटत असेल
- गरगरत असेल, चक्कर येत असेल
- गेल्या सहा महिन्यांत ऐकणं अचानक कमी झालं असेल, झपाट्याने घटत असेल किंवा कमीजास्त होत असेल
- एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, एकाच कानात गुणगुण होत असेल, किंवा दोन कानांत ठळक फरक असेल
- कानाचा आकार जन्मतः किंवा इजेमुळे वेगळा असेल

यातलं "अचानक" हे फार गांभीर्याने घ्या. काल ठीक होतं आणि आज एका कानाने ऐकूच येत नाही, असं झालं तर ती तातडीची बाब आहे. "दडे बसले असतील, सुटतील" म्हणत आठवडा घालवू नका. त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच गुण येण्याची शक्यता जास्त असते.

माझा उजवा कान डाव्यापेक्षा जास्त बंद वाटायचा. डॉक्टरांनी आत बघितलं, दहा मिनिटं खटपट केली आणि पडद्यासमोरचा मळाचा खडा बाहेर काढून मला दाखवला. भिजवलेल्या हरभऱ्याएवढा. इतकी वर्षं मी कापसाच्या काडीने कान 'साफ' करत होतो, म्हणजे तो खडा रोज थोडा थोडा आत ठोकत होतो. दोन कानांतला फरक त्या दिवशी संपला. उरलेलं कमी ऐकू येणं मात्र खरं निघालं.

३. कायद्याने नको, तरी ऐकण्याची तपासणी करून घ्या

ओटीसीसाठी तपासणीची सक्ती नाही. तरी माझा आग्रह आहे की एकदा ऑडिओलॉजिस्टकडून ती करून घ्या. आपण आपल्या कानांबद्दल नेहमीच उदार असतो. मला वाटलं होतं 'किंचित', कागदावर वरच्या पट्टीत मध्यम निघालं.

तपासणीनंतर ऑडिओग्रामची प्रत मागून घ्या. तो आलेख वाचणं सोपं आहे. डावीकडून उजवीकडे पट्टी चढत जाते, वरून खाली आवाजाची पातळी वाढत जाते. उजव्या कानाची खूण सहसा लाल गोल, डाव्याची निळी फुली. खुणा जितक्या खाली, तितकं ऐकणं कमी. माझा आलेख डावीकडे सपाट आणि उजवीकडे घसरगुंडीसारखा उतरलेला होता. दोन्ही कानांच्या रेषा एकमेकींपासून फार लांब असतील तर दुसऱ्या मुद्द्यातलं आठवा.

मूळ मेडिकेअर (मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्यविमा) असलेल्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट: २०२३ पासून, तातडीची नसलेली तक्रार असेल तर बारा महिन्यांतून एकदा डॉक्टरांच्या शिफारशीविना थेट ऑडिओलॉजिस्टकडे जाता येतं. यंत्राचे पैसे मात्र मूळ मेडिकेअर देत नाही. खासगी कंपन्यांच्या काही मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज योजना देतात, तेव्हा आपल्या योजनेला फोन करून विचारा. लष्करात नोकरी झालेली असेल तर आधी व्हेटरन्स खात्याकडे चौकशी करा. तिथे पात्र ठरलात तर तुम्हाला ओटीसीची गरजच नाही.

ऑडिओलॉजिस्टकडे जाणं जमतच नसेल, तर फोनवरच्या चाचण्या आहेत. त्या शांत खोलीत, चांगले इअरफोन लावून, पंखा आणि एसी बंद करून करा. अंदाज येतो. निदान होत नाही.

४. खोका वाचायला शिका

इथे मी आपटलो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

ऑनलाइन जाहिरात होती. जोडी नव्वद डॉलरच्या आत. "एफडीए प्रमाणित" असं ठसठशीत लिहिलेलं, शेजारी निळा शिक्का. सोनेरी किनार असलेल्या प्रमाणपत्राचा फोटोसुद्धा होता. आलेल्या डबीवर मात्र बारीक अक्षरात 'साउंड अँप्लिफायर' छापलं होतं. कानात घातलं आणि नळाचं पाणी धबधब्यासारखं कोसळायला लागलं. कागदाची पिशवी चुरगळली तर कानठळ्या. बायको काय म्हणाली ते मात्र पूर्वीइतकंच अर्धवट. सरसकट आवाज मोठा करणारं खेळणं होतं ते.

त्यातून शिकलेले शब्द असे:

ओटीसी हिअरिंग एड. खोक्याच्या दर्शनी बाजूला 'ओटीसी' आणि 'हिअरिंग एड' हे शब्द असायलाच हवेत. ते नसतील तर पुढे वाचू नका.

अँप्लिफायर, किंवा 'पर्सनल साउंड अँप्लिफिकेशन प्रॉडक्ट'. हे ऐकणं व्यवस्थित असलेल्यांसाठी असतं, लांबच्या पक्ष्यांचे आवाज वगैरे ऐकायला. कमी ऐकू येण्यावरचा इलाज म्हणून ते विकता येत नाही, आणि ओटीसीचे नियम त्याला लागू नाहीत.

'एफडीए रजिस्टर्ड'. याचा अर्थ उत्पादकाने आपलं नाव-पत्ता आणि उत्पादनाची नोंद केली, एवढाच. यंत्र तपासून पसंत केलं असा नव्हे. आणि एफडीए अशा नोंदणीचं कुठलंही प्रमाणपत्र देत नाही, त्यामुळे सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र दिसलं की तिथूनच परत फिरा.

'एफडीए क्लिअर्ड'. हा शब्द वजनदार आहे. जी यंत्रं आपल्या कानाप्रमाणे स्वतःची जुळणी करून घेतात, त्यांना बाजारात येण्याआधी एफडीएकडून ही मंजुरी घ्यावी लागते. एफडीएच्या संकेतस्थळावर नाव टाकून ती तपासता येते. साध्या, ठरावीक सेटिंगच्या ओटीसी यंत्रांना या पूर्वमंजुरीतून सूट आहे. त्यामुळे त्यांच्यावर 'क्लिअर्ड' दिसलं नाही म्हणजे ती नकलीच, असं नाही.

खोक्यावर आणखी तीन गोष्टी शोधा: सेल कोणता किंवा चार्जिंगचं आहे का, चालवायला स्मार्टफोन लागतो का, आणि परतीचे नियम काय आहेत. परतीचं धोरण छापणं बंधनकारक आहे. परत घेणं मात्र केंद्रीय कायद्याने बंधनकारक नाही! "परत घेतलं जाणार नाही" असं छापलं तरी नियम पाळला गेला. हे वाक्य कृपया पुन्हा वाचा.

माझ्या त्या पहिल्या जोडीला तीस दिवसांची मुदत होती. ती ऑर्डर दिल्याच्या तारखेपासून मोजायची होती, हातात आल्यापासून नव्हे. पार्सल यायला अकरा दिवस लागले, मग मी "सुट्टीत निवांत बघू" म्हणून ते कपाटात ठेवलं. विक्रेत्याला लिहिलं तेव्हा चौतिसावा दिवस होता. उत्तर अत्यंत नम्र होतं आणि पैसे मिळाले नाहीत.

५. कोणत्या जातीचं घ्यायचं

ओटीसीत दोन जाती आहेत.

ठरावीक सेटिंगची. तीन-चार तयार कार्यक्रम असतात, बटण दाबून बदलायचे. स्वस्त, फोनची गरज नाही. आवाज कमीजास्त करण्याची सोय प्रत्येक ओटीसी यंत्रात असावीच लागते, ती यातही असते. पण तुमचा आलेख त्या तीन-चार साच्यांपैकी एकात बसला तर नशीब.

स्वतः जुळणी करणारी. फोनवरचं अ‍ॅप वेगवेगळ्या पट्टीचे बारीक स्वर वाजवतं, ऐकू आला की बोट टेकवायचं. त्यावरून प्रत्येक कानासाठी कोणती पट्टी किती उचलायची ते यंत्र ठरवतं. पहिला मुद्दा आठवत असेल तर मी कोणत्या बाजूचा आहे हे कळलंच असेल. फोनची सवय असेल आणि खिशाला परवडत असेल, तर हीच जात घ्या.

या दुसऱ्या जातीत एक वेगळं पिल्लू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एफडीएने पहिल्यांदाच एका सॉफ्टवेअरला ओटीसी श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. ते अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रो २ मध्ये चालतं. ज्यांच्याकडे ते आधीच आहेत त्यांनी प्रयोग जरूर करावा, मशीन लावायची लाज वाटणाऱ्यांनी तर आधी. मर्यादा दोन: एका चार्जवर काही तासच चालतात, आणि कानात इअरफोन दिसले की लोक "हा गाणी ऐकतोय" समजून बोलायचे थांबतात.

आकाराबद्दल थोडंच. कानामागे बसणारं आणि बारीक तार कानात जाणारं, हे हाताळायला सोपं असतं आणि त्यात कान बराच मोकळा राहतो. वरच्या पट्टीतच कमी ऐकू येणाऱ्यांना ते सोयीचं. कानाच्या आत बसणारं दिसत नाही, पण छोटं म्हणजे बोटांना अवघड. बोटं थरथरत असतील किंवा जवळचं नीट दिसत नसेल, तर 'दिसत नाही' या गुणावर भाळू नका.

सेल की चार्जिंग? चार्जिंगचं घ्या, वाद नको. सेलचंच घेतलं तर ते जस्त-हवेचे सेल असतात. वरचा रंगीत कागद काढला की हवा लागून ते जागे होतात, म्हणून कागद काढून पाचेक मिनिटं तसेच ठेवा, मग घाला. कागद परत चिकटवून सेल वाचत नाही. रंगावरून आकार कळतो: पिवळा १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. घरात लहान मूल असेल तर हे सेल कुलपात ठेवा. गिळला गेला तर जिवावर बेततं.

६. पैसे

ओटीसी जोड्या शंभर-दोनशे डॉलरपासून दोन-अडीच हजारांपर्यंत मिळतात. ऑडिओलॉजिस्टकडून घेतलेली जोडी बहुधा याहून महाग पडते, पण त्या किमतीत पुष्कळदा तपासणी, जुळणी आणि पुढच्या भेटी धरलेल्या असतात. तुलना करताना हे विसरू नका. एचएसए किंवा एफएसए (वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं) खात्यातले पैसे श्रवणयंत्राला आणि त्याच्या सेलना वापरता येतात, ओटीसीलाही. पावती जपून ठेवा.

एकच मशीन घेऊन निम्मे पैसे वाचवू, हा विचार माझ्याही मनात आला होता. दोन्ही कान उतरलेले असतील तर दोन घ्या. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांच्या हिशोबावरून ठरवतो, आणि गोंगाटात एका माणसाचं बोलणं वेगळं काढायलाही त्याला दोन्ही लागतात.

७. पैसे भरण्याआधी हाताशी काय हवं

- ऑडिओग्रामची प्रत
- फोनचं मॉडेल आणि त्यातल्या प्रणालीची आवृत्ती. अ‍ॅप आपल्या फोनवर चालतं का ते आधीच बघा. फोनवरचं बोलणं थेट यंत्रात यावं असं वाटत असेल, तर तेही आपल्या फोनबरोबर चालतं का ते विचारा
- परतीच्या धोरणाचा स्क्रीनशॉट: किती दिवस, कोणत्या तारखेपासून, पैसे कापतात का, पाठवणीचा खर्च कुणाचा
- हमीची मुदत, आणि हरवलं तर एकच मशीन विकत मिळतं का
- मदतीचा फोन नंबर. विकत घेण्याआधी त्यावर एकदा फोन करून बघा. माणूस उचलतो का, एवढंच बघायचं
- एक वही. खरंच. पुढे लागणार आहे

शेवटच्या परतीच्या दिवसाच्या पाच दिवस आधीची तारीख आत्ताच कॅलेंडरवर घाला.

८. पहिला दिवस

खोका फाडू नका, कापून नीट उघडा. परत करायची वेळ आली तर सगळं त्यातच भरायचंय.

लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. कानात जाणाऱ्या टोकावर रबरी टोपी असते, तिला डोम म्हणतात. डब्यात दोन-तीन मापांचे डोम असतात. लहान झाला तर सटकतो आणि शिट्टी वाजते, मोठा झाला तर दुखतो. तोंड उघडमीट करून, मान हलवून बघा, जागचा हलला नाही तर माप बरोबर. छिद्रं असलेला उघडा डोम सौम्य तक्रारीला बरा. बंद डोमने खालची पट्टीही जास्त मिळते, पण स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. तसं झालं तर आधी उघडा डोम लावून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं.

अ‍ॅपची जुळणी रात्री, घर झोपल्यावर करा. मी पहिल्यांदा दुपारी केली आणि शेजारी फ्रिज घरघरत होता. खालच्या पट्टीचे स्वर त्यात बुडाले, आणि मशीनने समजूत करून घेतली की मला खालचंही ऐकू येत नाही. दोन दिवस सगळं जग पोत्यात बोलत होतं. रात्री परत जुळणी केली, फरक लगेच कळला.

डोम बसवताना खटकन लागेपर्यंत दाबा आणि हलकेच ओढून बघा. एकदा संध्याकाळी मशीन काढलं तर टोकावर डोमच नव्हता. तो आत राहिला होता. दिसत असेल आणि दोन बोटांत सहज येत असेल तरच काढा. चिमटा, पिन, काडी काहीही आत घालायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं. मी गेलो. त्यांनी अर्ध्या मिनिटात काढला आणि असे बरेचजण येतात, असं सांगून माझी लाज राखली.

९. पहिले चार आठवडे, वहीसकट

इतकी वर्षं जे आवाज मेंदूपर्यंत पोचलेच नव्हते ते एकदम येऊन थडकतात. घड्याळ, चपला, बाहीचं घासणं, स्वतःचं चघळणं. मला वाटलं गाडीत काहीतरी बिघडलंय. तो टर्न सिग्नलचा टिकटिक आवाज होता. यातलं काय सोडून द्यायचं हे मेंदूला पुन्हा शिकायला काही आठवडे लागतात.

पहिले दोन-तीन दिवस घरात, शांततेत, तास-दोन तास लावा. मग रोज वेळ वाढवा. एका माणसाशी बोला, मग दोघांशी. मोठ्याने वाचा म्हणजे स्वतःच्या आवाजाची सवय होते. हॉटेलात पहिल्याच आठवड्यात जाऊ नका. भरलेलं हॉटेल ही सगळ्यात कठीण परीक्षा आहे, आणि बहुतेक लोक तिथेच "छे, बोगस आहे" म्हणून मशीन कायमचं खोक्यात टाकतात. जाल तेव्हा गोंगाट पाठीमागे आणि बोलणारा समोर, उजेडात, अशी जागा धरा. गोंगाटाच्या सेटिंगमध्ये बऱ्याच यंत्रांचे माइक समोरचंच जास्त घेतात.

वहीत रोज दोन ओळी. कुठे होतो, काय कळलं, काय नाही. "मंगळवार. नातीचं बोलणं कळलं, पण ती पळत बोलली तेव्हा नाही. भांडी घासताना असह्य, आवाज दोन पायऱ्या खाली." अशी माझी वही आहे. तिसऱ्या आठवड्यात मागे वाचलं तेव्हा दिसलं की तक्रारी बदलल्यात. पहिल्या आठवड्यातल्या आवाजाच्या होत्या, आता शब्दांच्या होत्या. मग अ‍ॅपमध्ये वरची पट्टी एक घर चढवली. ही वही नसती तर मी पंचविसाव्या दिवशी जोडी नक्की परत केली असती.

१०. नेहमीच्या कुरकुरी

शिट्टी वाजते. डोम नीट बसलेला नाही, लहान आहे, किंवा कानात मळ आहे. आधी काढून परत बसवा. हात किंवा उशी जवळ नेल्यावरच वाजत असेल तर काळजी नको.

एक बाजू अचानक मुकी झाली. दहापैकी आठ वेळा टोकावरची मळाची जाळी भरलेली असते. तिला वॅक्स गार्ड म्हणतात. बदलायची बारीक काडी बरोबर येते. एका टोकाने जुनी जाळी ओढायची, काडी उलटी फिरवायची, दुसऱ्या टोकावरची नवी जाळी दाबायची. हे जेवणाच्या टेबलावर पांढरा रुमाल पसरून करा, नाहीतर जाळी जमिनीवर पडते आणि तिचा आकार मोहरीहून लहान असतो.

कान खाजतो किंवा दुखतो. खाज आठवड्यात जाते. दुखणं सहन करू नका, डोमचं माप बदला, तरी दुखलं तर वापर थांबवून डॉक्टरांना दाखवा.

रोज रात्री कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बरोबर आलेल्या ब्रशने टोक झाडा. ब्रश करताना टोक खाली धरा म्हणजे मळ आत पडत नाही. पाणी आणि स्पिरिट लावू नका. अंघोळीला जाताना काढा, केसांना स्प्रे आधी मारा, मशीन नंतर लावा. एमआरआयच्या खोलीत तर घालून जायचंच नाही. काढलेलं मशीन ठेवायची जागा एकच ठरवा. खिशात नको, माझ्या ओळखीतल्या एकाची जोडी खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये गेली.

११. आईवडिलांसाठी घेताय?

इथे राहणारे बरेचजण भेट म्हणून घेतात, म्हणून वेगळं लिहितो. जुळणी ज्याच्या कानाची, त्यानेच करायची असते. तुम्ही आपल्या कानात घालून जुळवलेलं त्यांच्या उपयोगाचं नाही. त्यांची तपासणी आधी. ऐंशीच्या घरातल्या माणसाचं ऐकणं बऱ्याचदा 'मध्यम'च्या पुढे गेलेलं असतं, आणि मग ओटीसी कितीही महाग घेतलं तरी पुरत नाही. अ‍ॅप त्यांच्याच फोनमध्ये टाका, तुमच्या नको, नाहीतर तुम्ही ऑफिसला गेलात की त्यांचा आवाज अडकला. आणि न विचारता हातात देऊ नका. म्हातारी माणसं मशीन नाकारत नाहीत, "तुम्हाला ऐकू येत नाही" हे सगळ्यांसमोर ऐकणं नाकारतात.

१२. पंचविसावा दिवस

कॅलेंडरवरची ती तारीख आली की वही उघडा आणि घरच्या एका माणसाला शेजारी बसवा. शांत खोलीतलं बोलणं आधीपेक्षा कळतं का, टीव्ही खाली आला का, फोन जमतो का, आणि दिवसाचे किती तास मशीन खरोखर कानात होतं, हे दोघांनी मिळून बघा. तासच कमी असतील तर दोष मशीनचा आहे की आपला, हे प्रामाणिकपणे ठरवा.

तास भरपूर आणि फरक शून्य, तर परत करा. परत करताना अ‍ॅपमधून यंत्राची जोडणी काढा, सगळे डोम, काड्या, चार्जर भरा, भरलेल्या खोक्याचा फोटो काढा आणि मागोवा घेता येईल अशाच सेवेने पाठवा. मग दुसऱ्या ओटीसीच्या मागे लागण्याआधी ऑडिओलॉजिस्टकडे ती वही घेऊन जा. त्यांच्याकडे कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी घालून प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते मोजायची सोय असते. काहीजण बाहेरून घेतलेल्या ओटीसीचीही अशी तपासणी वेगळी फी घेऊन करतात, फोनवर आधी विचारून घ्या. यंत्राने इजा झाली, भाजलं किंवा आवाज अचानक फुटला, तर एफडीएच्या मेडवॉचवर तक्रार नोंदवता येते.

माझी दुसरी जोडी मी ठेवली. मित्राचा परवा पुन्हा फोन आला, "सहाला या." मी विचारलं, "सहाला ना? सहा?" तो म्हणाला, "तुला मेसेजच करतो."